दोन दगडांचं बेट

माल्टाच्या पर्यटन-पुस्तिकांत ‘ऐतिहासिक स्थळं’ आणि ‘समुद्रकिनारे’ यांची पानं वेगवेगळी असतात. ही वाटणी सोयीची खरी, पण फसवी. सिसिलीच्या दक्षिणेला, शंभर किलोमीटरच्या आत असलेला हा देश अवघा ३१६ चौरस किलोमीटरचा, बृहन्मुंबईहूनही लहान. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्याची वस्तीची बेटं. बारमाही नदी एकही नाही, इमारती लाकडाचीही वानवाच. आहे तो चुनखडक. समुद्राने कापला तो कडा झाला, माणसाने कापला ते देऊळ झालं.

हा दगड दोन जातींचा. एक पिवळसर आणि मऊ. खाणीतून काढल्यावर तो हातकरवतीनेही कापता येतो आणि उघड्यावर राहिला की वरून कडक होतो. कोकणातल्या जांभ्याचे चिरे पाडताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसरा प्रवाळी चुनखडक, करडा आणि चिवट. दोहोंच्या मधे निळसर चिकणमातीचा थर आहे. पावसाचं पाणी त्यावर अडतं, म्हणून झरे आणि हिरवी शेतं त्याच्याच आसऱ्याने आढळतात.

पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना हा फरक नेमका ठाऊक होता. गोझोवरचं जगांतिया हे जोडमंदिर इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्या हजारेक वर्षं आधीचं. धातूची हत्यारं नसताना त्यांनी बाहेरच्या भिंतींना चिवट दगड लावला आणि आतल्या दारांना, वेदींना मऊ दगड वापरला. माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावर हाजर ईम आणि म्नाइद्रा ही दोन मंदिरं हाकेच्या अंतरावर आहेत. माथ्यावरचं हाजर ईम मऊ दगडाचं, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने त्याच्या शिळा पोखरल्या. उतारावरच्या म्नाइद्राच्या बाह्य भिंती चिवट, त्या बऱ्याच टिकल्या. वसंत आणि शरद संपाताच्या सकाळी म्नाइद्राच्या मुख्य दारातून सूर्यकिरण थेट आत जातात. २००९ पासून दोन्हींवर मोठी पांढरी छत्रं उभी आहेत. त्यांनी देखावा बिघडवला अशी तक्रार अनेक जण करतात. मला ती पटत नाही. पोखरला जाणारा दगड उघडा ठेवून त्याचे फोटो काढणं, याला रसिकता कसं म्हणायचं?

जमिनीखालचं हाल साफ्लिएनी तर अपघातानेच सापडलं. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खणताना कामगार थेट खडकात कोरलेल्या प्रागैतिहासिक दफनगृहात शिरले. तीन मजले, छतावर लाल गेरूची वेलबुट्टी. माणसांच्या श्वासाने रंग उडतो म्हणून तिथला रोजचा प्रवेश अगदी मोजका ठेवलेला आहे. आगाऊ नोंदणी न करता गेलात तर दारातून परतावं लागेल, आणि ते योग्यच आहे.

१५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटं सेंट जॉनच्या ख्रिस्ती लढवय्या पंथातल्या सरदारांना दिली. वार्षिक खंड होता एक ससाणा! १५६५ मध्ये तुर्की आरमाराचा वेढा त्यांनी उन्हाळाभर झुंजून उठवला आणि पुढच्याच वर्षी वालेटाचा पाया घातला. दोन्ही बाजूंना बंदर असलेल्या उघड्या खडकावरचं हे शहर फ्रांचेस्को लापारेल्ली या इटालियन अभियंत्याने सरळ रेषांत आखलं. कुठल्याही मोठ्या रस्त्यावर उभं राहिलं की टोकाला पाणी दिसतं आणि समुद्राचा वारा आत येतो. घराघराखाली खडकात पावसाच्या पाण्याची टाकी खोदली जाई. तेवढ्याने भागेना, तेव्हा १६१५ मध्ये बेटाच्या उंच भागातून कमानींच्या कालव्याने पाणी आणलं गेलं.

सेंट जॉनचं कॅथीड्रल बाहेरून एखाद्या कोठारासारखं रुक्ष आहे. आत मात्तिया प्रेतीने छतच्या छत रंगवलं आहे आणि पायाखाली सरदारांच्या संगमरवरी थडग्यांची रंगीत फरशी आहे. खरा ऐवज बाजूच्या दालनात आहे. काराव्हाज्जोच्या १६०८ मधल्या शिरच्छेदाच्या चित्रात संताच्या सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपली सही केली आहे. त्याची सही असलेलं हे एकच चित्र. त्याच वर्षअखेर त्याला सरदारांच्या पंथातून हाकललं गेलं, आणि तो निवाडा झाला याच दालनात. तो स्वतः तोवर पळून गेला होता.

इंग्रजांच्या काळातला एक धागा आपल्याकडेही पोचतो. १८७८ मध्ये रशियावर वचक बसवण्यासाठी ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून सुवेझमार्गे माल्टाला धाडले. पुढे १९४२ मध्ये बाँबवर्षावाने बेट भाजून निघालं, तेव्हा लोक या मऊ खडकात भुयारं खोदून राहिले. त्या ९ एप्रिलला मोस्ताच्या चर्चचा घुमट फोडून एक बाँब आत पडला, पण फुटला नाही. वालेटातलं ऑपेरा हाऊस इतकं सुदैवी नव्हतं. रेन्झो पियानोने त्याच्या अवशेषांवर खुलं नाट्यगृह उभारलं. त्यावरून गावात वाद आहे, मला मात्र ते आवडतं.

आता किनारा. कोमिनोच्या ब्लू लगूनबद्दल फार लिहीत नाही. पाणी खरोखर नीलमण्याचं, पण भर उन्हाळ्यात गर्दीतून ते दिसलं पाहिजे. त्यापेक्षा मार्साश्लोकच्या बंदरात जावं. तिथल्या रंगीत मासेमारी होड्यांच्या नाळेवर डोळे काढलेले असतात. किंवा डिंग्लीचे अडीचशे मीटर उंच कडे पाहावेत. गोझोच्या उत्तरेला श्वेइनीची मिठागरं थेट खडकात चौकोन कोरून केलेली आहेत आणि उन्हाळ्यात अजूनही तिथे मीठ खरवडलं जातं.

गोझोच्या पश्चिमेला द्वेइरा. इथल्या एका सुळक्यावर उगवणारी वनस्पती औषधी मानली जाई. १७४६ मध्ये सरदारांच्या पंथाचा प्रमुख, महास्वामी पिंतो याने त्या खडकावर जायलाच बंदी घातली होती. त्या सुळक्याजवळ समुद्राने कोरलेली कमान होती, ‘अझूर विंडो’. दगड चिवट जातीचा, तरीही ८ मार्च २०१७ च्या वादळात ती खांबासकट कोसळली. दुसऱ्या वर्षी एका रशियन वास्तुरचनाकाराने त्या जागी आरशासारख्या पोलादाची प्रचंड वास्तू सुचवली. ती कागदावरच राहिली, हे बरं झालं.