उसनवारीचे भविष्य : हाँगकाँगचे विज्ञान-विनोदपट

हाँगकाँगच्या कँटोनीज चित्रपटसृष्टीने मारधाडीचे, भुताखेतांचे आणि जुगाऱ्यांचे चित्रपट उदंड काढले. विज्ञानपट मात्र तिला फारसे मानवले नाहीत, कारण अंतराळयाने आणि भविष्यातली नगरे उभारण्याइतका पैसा तेथील निर्मात्यांपाशी क्वचितच असे. जे थोडे विज्ञानपट निघाले, त्यांतील लक्षात राहणारे बहुतेक विनोदी आहेत, आणि परक्यांकडून कल्पना उसनी घेऊन तिची मनसोक्त टवाळी करणे हा त्यांचा समान धर्म आहे.

स्पुटनिकच्या उड्डाणाला जेमतेम दोन वर्षे होत असताना, १९५९ मध्ये, 'रायट्स इन आउटर स्पेस' या चित्रपटाने सुन-मा स्झे-त्सँग आणि टांग की-चान या लोकप्रिय विनोदी जोडीला अंतराळाच्या कथेत आणले. पुढे मँडरिन चित्रपटांच्या लाटेत कँटोनीज निर्मिती जवळजवळ बंद पडली आणि १९७३ च्या 'द हाउस ऑफ ७२ टेनंट्स'ने ती पुन्हा उभी राहिली. त्यानंतर दहा वर्षांनी शॉ ब्रदर्स या मातब्बर संस्थेने 'ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार' काढून 'स्टार वॉर्स'ची खिल्ली उडवली. दिग्दर्शक अॅलेक्स चंग तोवर कठोर वास्तववादी पोलीसपटांसाठी ओळखला जात होता. या चित्रपटात त्याने चांगली कथा रचण्यापेक्षा गमतींची रास घालणे पसंत केले.

या साऱ्यांत सर्वांत सुघड म्हणावा असा चित्रपट 'आय लव्ह मारिया' (१९८८) होय. निर्माता त्सुई हार्क, दिग्दर्शक डेव्हिड चुंग आणि दुहेरी भूमिकेत गायिका-अभिनेत्री सॅली येह. दरोडेखोरांची टोळी आपल्यातील मारिया नावाच्या स्त्रीच्या रूपाचा पोलादी यंत्रमानव घडवते. नाव फ्रिट्झ लँगच्या 'मेट्रोपोलिस' (१९२७) मधील यंत्रस्त्रीचे, तर कवच आदल्याच वर्षी आलेल्या 'रोबोकॉप'ची आठवण करून देणारे. परंतु हे यंत्र पुढे ज्यांच्या ताब्यात येते, ते दोघे, म्हणजे जॉन शमने साकारलेला पोलीस खात्यातील उपेक्षित संशोधक आणि स्वतः त्सुई हार्कने रंगवलेला, टोळीतून बाहेर पडलेला दारुडा, कोणत्याही अर्थाने नायक नाहीत. अजिंक्य यंत्राला असे नालायक धनी मिळाले की विनोद आपोआप घडतो, आणि त्या दोघांचा एकाकीपणाही न सांगता कळतो. मूळ चित्रपटांत ही ऊब नाही.

वाँग जिंगच्या 'फ्युचर कॉप्स' (१९९३) ला सुघडपणाशी काही कर्तव्यच नव्हते. २०४३ मधील गुन्हेगार आपल्याला पुढे शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचा तरुणपणीच काटा काढण्यासाठी १९९३ मध्ये येतात आणि पोलीस त्यांचा माग काढत एका शाळेत पोहोचतात. पात्रे 'स्ट्रीट फायटर' या जपानी व्हिडिओ गेमवरून उचललेली, पण नावे बदललेली. त्या खेळातील भारतीय योगी धालसिमची नक्कल सायमन याम करतो. ज्याला कँटोनीजमध्ये 'मो-लेई-ताव' म्हणतात, त्या शेंडाबुडखा नसलेल्या विनोदाचा हा नमुना आहे. तो हुशार नाही. पण कंटाळवाणाही नाही.

फ्रूट चॅनच्या 'द मिडनाइट आफ्टर' (२०१४) मध्ये मात्र हसू आणि भय वेगळे करता येत नाही. मोंगकॉकहून ताय पोकडे निघालेली लाल मिनीबस लायन रॉक बोगद्यातून बाहेर पडते, तेव्हा सारे शहर निर्मनुष्य झालेले असते. इंटरनेटवर क्रमशः लिहिल्या गेलेल्या कादंबरीवरील या चित्रपटात विज्ञानाची कोडी सुटत नाहीत, आणि प्रवासी जगाच्या अंतापुढेही क्षुल्लक वाद घालत राहतात. त्याचा अर्धवट शेवट अनेकांना खटकतो, आणि ती तक्रार रास्त आहे.

या चित्रपटांकडे वळू इच्छिणाऱ्या वाचकाने आरंभ 'आय लव्ह मारिया'पासून करावा, आणि इंग्रजीत डब केलेली प्रत टाळून मूळ कँटोनीज संवादांची, उपशीर्षके असलेली प्रत मिळवावी. डबिंगमध्ये या विनोदातील निम्मा जीव जातो.