परळला महिनाभर राहायचंय?

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचारांसाठी महिनाभर राहायचं, तर हॉटेलची खोली अपुरी पडते. केमोथेरपीच्या काळात ताजं, कमी तिखटाचं जेवण लागतं आणि हॉटेलात साधी पेजही शिजवता येत नाही. सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये ओटा, फ्रिज, बहुधा वॉशिंग मशीनही असतं. मुक्काम लांबला की रोजचा दरही सहसा उतरतो. मात्र रूम सर्व्हिस बहुतेक ठिकाणी नसते आणि साफसफाई रोज होईलच असं नाही. पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या: वीजबिल भाड्यातच धरलंय का, डिपॉझिट किती, लिफ्ट आहे का, आणि डॉक्टरांनी लवकर घरी सोडलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील का? भाडं झेपणारं नसेल, तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात धर्मादाय निवासांची चौकशी करा.