मळीची व्हिस्की, जवाची व्हिस्की

शिर्डीच्या आसपासच्या उसाच्या पट्ट्यात साखरेमागोमाग मद्यार्कही आला. 1933 मध्ये श्रीरामपूरजवळ टिळकनगरात महाराष्ट्र शुगर मिल्स ही कंपनी निघाली. तीच पुढे टिळकनगर इंडस्ट्रीज झाली आणि साखरेपेक्षा ब्रँडीसाठी ओळखली जाऊ लागली. साखरेचे दाणे वेगळे झाल्यावर उरणारा काळसर, चिकट पाक म्हणजे मळी. ती पाण्याने पातळ करून यीस्टने आंबवतात आणि उंच स्तंभात तिचे ऊर्ध्वपातन करतात, म्हणजे उकळून निघणारी वाफ थंड करून जवळजवळ चवहीन मद्यार्क मिळवतात. त्यात मोड आणलेल्या जवाची, म्हणजे माल्टची, थोडी व्हिस्की मिसळली, की बहुतांश स्वस्त देशी व्हिस्की तयार होते. युरोपीय कायद्याला हे नाव मान्य नाही, कारण तेथे व्हिस्की धान्याचीच आणि लाकडी पिंपात किमान 3 वर्षे मुरलेली लागते; खरे पाहता, मळीची ही व्हिस्की रमचीच सख्खी बहीण ठरते.

गोव्यातील कुंकळ्ळी येथे मात्र पॉल जॉन ही माल्ट व्हिस्की जवापासूनच बनते: मोड आणून वाळवलेले जव भरडून त्यांचा गोडसर काढा आंबवतात, तांब्याच्या भांड्यांत गाळतात आणि ओकच्या पिंपांत मुरवतात. पिंपातून दरवर्षी जे उडून जाते त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो सुमारे 2 टक्के असतो, तर गोव्याच्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट, म्हणूनच येथील व्हिस्की लवकर मुरते आणि पिंपात फार वर्षे ठेवता येत नाही.

ब्रँडीवर वाढलेल्या टिळकनगरच्या कंपनीने 2025 मध्ये इम्पीरियल ब्लू हा व्हिस्कीचा ब्रँड विकत घेण्याचा करार केला.