गव्हाचा चिवटपणा आणि बाळाचे पोट

भाकरी थापतात आणि पोळी लाटतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. पण असे का, हा प्रश्न कधी आईला विचारला आहे काय? ज्वारीच्या पिठाचा उंडा पोळपाटावर ठेवून लाटायला घ्या. कडा फाटतील, मधूनच भेगा पडतील आणि उचलायला जाल तर तुकडे हातात येतील. म्हणून तर ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळून भाकरी हाताने थापावी लागते. कणकेचा गोळा मात्र ओढला की ताणतो, सोडला की आखडतो.

बुलढाणा जिल्ह्यात बहुतेक घरी ही दोन्ही पिठे असतात. तेव्हा एक सोपा प्रयोग करून पाहा. मूठभर कणीक घट्ट मळा आणि अर्धा तास तशीच ठेवा. मग पातेल्यात पाणी घेऊन तो गोळा त्यात हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते बदला, पुन्हा धुवा. पाणी नितळ येऊ लागले की तुमच्या हातात करड्या-पिवळट रंगाचा, रबरासारखा चिवट गोळा उरेल. पांढऱ्या पाण्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकलात तर ते निळेकाळे होईल, म्हणजे धुऊन गेले ते स्टार्च. हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा. सगळे पीठ पाण्याबरोबर निघून जाईल आणि हातात काहीच उरणार नाही.

हा चिवट पदार्थ म्हणजे ग्लुटेन. इटलीतील बोलोन्या येथील बेकारी या शास्त्रज्ञाने अशाच रीतीने कणीक धुऊन तो वेगळा काढला होता. त्याचा वृत्तान्त १७४५ साली छापला गेला. ग्लुटेन हे प्रथिन आहे; नेमके सांगायचे तर ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रकारच्या प्रथिनांचे जाळे आहे. पोळी फुगते, पाव जाळीदार होतो, शेवया न तुटता लांब निघतात, ही सगळी या जाळ्याची करामत. जव आणि राय या धान्यांतही याच्या जवळची प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका व नाचणी यांत ती नसतात.

आता हा चिवटपणा पोटात गेल्यावर काय होते ते पाहू. आपण खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करून त्यांची ॲमिनो आम्ले सुटी करणे हे पाचक विकरांचे काम. ग्लायडिनमध्ये प्रोलीन व ग्लुटामीन ही ॲमिनो आम्ले फार दाटीने असतात. प्रोलीन असलेल्या जागी आपल्या विकरांची कात्री नीट चालत नाही. त्यामुळे काही तुकडे अर्धवट कापलेलेच राहतात. ही गोष्ट तुमच्या-माझ्या, सर्वांच्याच पोटात घडते आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. ते तुकडे पुढे सरकतात आणि बाहेर पडतात.

काही थोड्या माणसांत मात्र जन्मतःच अशी जनुके असतात, की त्यांच्या शरीराच्या संरक्षक पेशी या तुकड्यांना शत्रू समजतात. लढाई सुरू होते ती लहान आतड्याच्या अस्तरात. या अस्तरावर मखमलीसारखे लाखो बारीक उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. पचलेले अन्न रक्तात ओढून घ्यायचे ते याच रसांकुरांनी. लढाईत तेच झिजतात आणि अस्तर सपाट होत जाते. मखमलीचे मांजरपाट झाले म्हणा ना! मूल खाते, पण खाल्लेले अंगी लागत नाही. या विकाराला सीलिॲक विकार म्हणतात. ती जनुके पुष्कळ लोकांत असतात, परंतु त्यांपैकी थोड्यांनाच हा विकार होतो. उत्तर भारतात, जिथे गहू हेच मुख्य अन्न आहे, तिथे केलेल्या पाहण्यांत शंभरात सुमारे एका माणसाला तो असल्याचे आढळले. दक्षिणेत, भाताच्या मुलखात, त्याचे प्रमाण खूपच कमी दिसले.

आपला वऱ्हाड मूळचा ज्वारीचा. गहू असे तो रोडग्यांच्या पंगतीला, पुरणपोळीला, पाहुण्यांसाठी. आता रेशनवर गहू मिळतो, रानात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आहे आणि चहात बुडवलेले बिस्किट तर दात न आलेल्या बाळाच्याही तोंडात जाते. सहाव्या महिन्यात उष्टावण झाले की पाठोपाठ गव्हाचे सत्त्व, रव्याची खीर, वरणात कुस्करलेली पोळी सुरू होते. त्यामुळे ज्या बाळात हा विकार दडलेला असेल, त्याची चिन्हे साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुढे येतात. पहिल्याच घासाला नव्हे बरे का! गहू सुरू झाल्यावर कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने जातात. म्हणून तर घरच्यांना या दोन गोष्टींची सांगड घालता येत नाही.

ही सांगड घालायला एक फार चांगले साधन तुमच्या गावात आहे. अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचे वजन करून आलेखावर बिंदू मांडतात. तुमच्या धाकट्या भावंडाचे कार्ड मागून घ्या आणि गणिताच्या तासाला आलेख वाचता तसे वाचा. समजा, एका मुलीचे वजन जन्मतः २.८ किलो होते आणि सहाव्या महिन्यात ते ७.२ किलो झाले. रेषा छान वर चढते आहे. नवव्या महिन्यात ७.७, बाराव्यात ७.८ आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा ७.७. रेषा आडवी झाली, मग किंचित खाली वळली. इथे एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. रेषा कोठे वाकली आणि त्या सुमारास बाळाच्या ताटात नवीन काय आले, हे पाहायचे.

मग बाळाकडे पाहा. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, पण हातपाय काटकुळे आणि ढुंगणावरची कातडी सैल, सुरकुतलेली. शौचाला वारंवार, भरपूर, फिकट, चिकट आणि फार उग्र वासाची होते. तिच्यातली चरबी शोषली न गेल्याने ती तशी असते. काही मुलांना उलट्या होतात. काहींना, आश्चर्य वाटेल, उलट बद्धकोष्ठ होतो. भूक मंदावते. आधी हसरे, खेळकर असलेले मूल दिवसभर किरकिर करते, कडेवरून उतरत नाही. हे शेवटचे चिन्ह आईला सर्वांत आधी कळते आणि बाकीचे लोक ते लाडावलेपण म्हणून सोडून देतात, ही मला मोठी चूक वाटते. दूध पूर्वी पचत होते, ते आता बाधू लागते. कारण दुधातली साखर पचवणारे विकर रसांकुरांच्या शेंड्यांवर तयार होते आणि शेंडेच झिजलेले असतात. लोह शोषले जाते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आणि तिथेच झीज जास्त, म्हणून चेहरा पांढुरका पडतो व लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नाही. काही मुलांचे पोट मुळीच बिघडत नाही. ती फक्त बुटकी राहतात किंवा त्यांचा पंडुरोग हटत नाही; मग निदान व्हायला शाळेचे वय उजाडते.

एवढे वाचून शेजारच्या प्रत्येक रोड मुलाकडे संशयाने पाहू नका. आपल्या खेड्यांत मूल रोड असण्याची कारणे बहुधा दुसरीच असतात: पुरेसे अन्न नसणे, घाण पाण्याने वारंवार होणारी हगवण, जंत, कधी क्षय. चांगले खायला मिळते आहे, जंताचे औषध झाले आहे, तरीही रेषा वर जात नाही, असे दिसले की सीलिॲक विकाराचा विचार डॉक्टरांनी करावा लागतो. सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांना हा विकार असेल, अथवा बाळाला लहान वयातला मधुमेह असेल, तर तो जरा लवकर करावा लागतो.

आणखी दोन गोष्टींची गल्लत होते. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर ती गव्हाची ॲलर्जी. ती वेगळी, आणि तेव्हा आलेख काढत न बसता तडक दवाखाना गाठायचा. दुसरी गोष्ट तुमच्याच जिल्ह्यातली. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत गळू लागले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याबाबत रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखवले. सेलेनियम हे मूलद्रव्य जमिनीतून दाण्यात येते आणि फार झाले तर ते कोणालाही बाधते. ग्लुटेन हा गव्हाचा स्वतःचाच घटक आहे. तो गव्हाच्या प्रत्येक दाण्यात असतो आणि बाधतो मात्र मोजक्यांनाच. गव्हावर आळ आला की आधी विचारावे, नेमका कशाचा?

गहू आणि हा विकार यांचे नाते कळायलाही फार काळ लागला. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी १८८८ साली मुलांमधील या विकाराचे नेमके वर्णन केले आणि इलाज झालाच तर तो आहारानेच होईल, हेही ओळखले. त्यांच्या पाहण्यातले एक मूल रोज शिंपल्यांचे मांस खाऊन सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा आजारी पडले. पुढे कोणी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले. त्याचाही गुण येई, पण कारण चुकीचे सांगितले जाई. केळ्यात काही जादू आहे असे लोकांना वाटे. खरे तर केळी खाताना पाव सुटलेला असे. हॉलंडमधील हेग शहराच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना पावाचाच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे भयंकर उपासमार झाली. धान्य मिळेना, लोक ट्युलिप फुलांचे कंद खाऊन जगले. इतर मुले खंगत असताना सीलिॲकची मुले मात्र सुधारत होती! पाव पुन्हा मिळू लागला, तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके एवढ्यावर थांबले नाहीत. युद्धानंतर त्यांनी मुलांना ठरवून गहू दिला, बंद केला, पुन्हा दिला आणि दर वेळी नोंदी ठेवल्या. १९५० साली त्यांनी हे काम प्रबंधरूपाने मांडले.

आज निदानासाठी इतके करावे लागत नाही. रक्तात टीटीजी-आयजीए नावाची प्रतिपिंडे आहेत का, हे तपासतात. काही मुलांच्या शरीरात आयजीए हा प्रकारच पुरेसा तयार होत नाही, म्हणून त्याचे एकूण प्रमाणही मोजतात. मग गरजेप्रमाणे तोंडावाटे दुर्बीण घालून आतड्याच्या अस्तराचा कणभर तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रसांकुर पाहतात.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात शिकलेली माणसेसुद्धा पडतात. कोणी सांगते, गहू बंद करून बघा. घरचे गहू बंद करतात, मूल थोडे सुधारते आणि मग तपासणीला नेतात. तोवर रक्तातील प्रतिपिंडे उतरू लागलेली असतात, रसांकुर पुन्हा वाढू लागलेले असतात आणि तपासणी कोरी निघते. आता निदान करायचे तर मुलाला पुन्हा काही आठवडे गहू खाऊ घालून आजारी पाडायचे! म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. ‘सहा महिन्यांनंतरही गहू द्यायचाच नाही, म्हणजे विकार होणार नाही’ ही युक्तीही चालत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन युरोपीय पाहण्यांत दिसले, की गहू उशिरा सुरू केल्याने विकार फार तर उशिरा उघडकीस येतो, टळत नाही.

निदान पक्के झाले की औषध एकच: गहू, जव आणि राय जन्मभर वर्ज्य. मूल काही आठवड्यांत हसू-खेळू लागते आणि आलेखाची रेषा पुन्हा वर वळते. वऱ्हाडातल्या घराला हे पथ्य दिल्लीतल्या घरापेक्षा सोपे जावे. भाकरी, ज्वारीच्या कण्या, भात, वरण, थालीपीठ (गहू न घातलेल्या भाजणीचे) सगळे आयतेच आहे. पण गहू लपून बसतो. मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात असतो. बाजारी हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो. अंगणवाडीच्या पौष्टिक पिठात असू शकतो, म्हणून ताईंना विचारून घ्यावे.

आणि चक्की. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले, की त्याच दगडांवर तुमची ज्वारी पडते; सुरुवातीच्या पिठात कणीक उतरतेच. बाजारातील पदार्थावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे चिमूटभर कणीकही जास्तच झाली. सकाळी चक्की उघडताच पहिले दळण आपले टाकले, तरी आदल्या रात्रीची कणीक पाळ्यांत असतेच. अशा घरात माळ्यावर पडलेले आजीचे जाते खाली उतरवले आणि त्यावर फक्त ज्वारी-तांदूळ दळायचे ठरवले, तर तो उत्तम उपाय. मात्र त्यावर पूर्वी गहू दळला असेल तर आधी दोन्ही पाळ्या घासून धुवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पहिली पसाभर ज्वारी दळून ती गाईला घालायची.