त्वचेच्या विकासातील पेशीविभाजनाची दिशा

सस्तन प्राण्यांच्या गर्भात त्वचेचा सर्वांत बाहेरचा भाग, म्हणजे बाह्यत्वचा, प्रारंभी एकपदरी असते. पुढे तिचे अनेक थर बनतात. या घडणीत तळस्तरातील पेशी कोणत्या दिशेने विभागतात, यास विशेष महत्त्व आहे.

विभाजनाचे प्रकार

तळस्तरातील पेशी आधारपटलावर टेकलेल्या असतात. पेशी या पटलाला समांतर विभागली, तर दोन्ही कन्यापेशी तळस्तरातच राहतात आणि त्वचेचा विस्तार वाढतो. विभाजन लंब दिशेने झाल्यास एक कन्यापेशी तळाशी राहते. दुसरी वरच्या थरात जाऊन केराटिनयुक्त संरक्षक पेशी बनू लागते. पहिल्या प्रकाराने वाढत्या शरीराला पुरेसे आवरण मिळते, तर दुसऱ्याने त्या आवरणाला जाडी येते.

उंदराच्या गर्भात बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत समांतर विभाजने अधिक आढळतात. पंधराव्या दिवसाच्या सुमारास लंब विभाजनांचे प्रमाण वाढते. टेरी लेक्लर व इलेन फुक्स यांनी २००५ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले.

यंत्रणा

विभाजनाच्या वेळी पेशीत सूतकताईच्या चातीसारखी तर्कू तयार होते. तिच्या अक्षावर विभाजनाची दिशा ठरते. लंब विभाजनात एलजीएन हे प्रथिन पेशीच्या वरच्या कडेला जमते. ते नुमा या प्रथिनामार्फत डायनीनला तेथे आणते. डायनीन सूक्ष्मनलिका ओढून तर्कूचे एक टोक वर खेचते. मध्यावस्थेत तिरपी राहिलेली काही विभाजने अंत्यावस्थेत सुधारली जातात, असे २०१९ मध्ये दिसून आले.

परिणाम

२०११ मधील प्रयोगांत उंदराच्या गर्भात एलजीएनचे प्रमाण घटवले असता लंब विभाजने कमी झाली, बाह्यत्वचा पातळ राहिली आणि तिची संरक्षक क्षमता ढासळली. अशा त्वचेतून शरीरातील पाणी निसटते. नवजात जीवासाठी ते घातक ठरते. तथापि लंब विभाजन हा थर बनण्याचा एकमेव मार्ग नव्हे. तळस्तरातील पेशी आधारपटल सोडून वर सरकूनही थरांत भर घालतात.

झेब्रा माशातील अभ्यास

झेब्रा माशाच्या गर्भाची बाह्यत्वचा दुपदरी व पारदर्शक असल्याने जिवंत पेशींचे निरीक्षण सोपे जाते. पेशीची वरची व खालची बाजू वेगळी ठरणे, म्हणजे ध्रुवता, लंब विभाजनासाठी आवश्यक असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांच्या गटाने या दुपदरी त्वचेत ध्रुवता टप्प्याटप्प्याने कशी येते, याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ई-कॅडहेरिन या पेशी जोडणाऱ्या प्रथिनाचा सहभाग आढळला.