पैसे झाडाला लागतात!

'पैसे काय झाडाला लागतात?' हे वाक्य बाबांकडून ऐकलं नसेल असा एकही मित्र मला माहीत नाही. कार निकोबारमधल्या बाबांना मात्र हा डायलॉग मारताच आला नसता. कारण तिथे पैसे खरंच झाडाला लागायचे. माडाला!

तिथे वीकेंडला सॅक उचलून जाता येत नाही, बरं का. १९५६ च्या आदिवासी संरक्षण कायद्यामुळे परवाना लागतो. त्यामुळे माझी या बेटाशी ओळख फक्त वाचनातून. तरी प्रेमात पडलो ते 'तुहेत'च्या. तुहेत म्हणजे आपल्या वाड्यांपेक्षाही ऐसपैस असं एकत्र कुटुंब. जमीन आणि नारळाच्या बागा तुहेतच्या, आणि त्यांचा वापर ठरतो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या शब्दावर.

शहाळं प्यायला, खोबरं स्वयंपाकाला आणि डुकरांना. उरलेले नारळ फोडायचे, मचाणावर पसरायचे, खाली जाळ करून धुरावर सुकवायचे. हे सुकं खोबरं विकून तांदूळ, साखर, कपडे यायचे. जुन्या काळी बाहेरून जहाजं यायची, तेव्हा तर मालाची किंमतच नारळांच्या जोड्यांत ठरायची. थोडक्यात काय, तर माड हेच त्यांचं एटीएम आणि तोच पीएफ.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीनं हे सगळं खातंच पुसून टाकलं. माणसं गेली, डुकरं गेली, किनाऱ्यावरच्या बागा गेल्या. जमीन खचली आणि समुद्र आत आला. मग मदत आली. रोख रक्कम आली, नवी घरंही आली. पण आली ती आपल्यासारख्या छोट्या, चौकोनी कुटुंबाचा हिशेब धरून. तुहेत त्या फॉर्ममध्ये बसतच नव्हतं. पिढ्यान् पिढ्या एकत्र राखलेल्या बागांच्या जागी ज्याच्या त्याच्या नावाचं पासबुक आलं.

लोकांनी पुन्हा रोपं लावली. पण उंच जातीचा माड पहिलं फळ द्यायला साधारण सहा-सात वर्षं घेतो, भरभरून द्यायला त्याहून जास्त. हातातली रोकड एवढा काळ थोडीच टिकते?

मला वाटतं, नुकसान मोजताना आपण झाडं मोजली, घरं मोजली, माणसं मोजली. ती सात वर्षं आणि एकमेकांच्या भरवशावर जगायची सवय मात्र कुठल्याच चेकवर लिहिता आली नाही.