स्नायूंतील द्रव्यांची वाटचाल : चुंबकीय अनुस्पंदनाने नेमके काय मोजले जाते?

रावेर-यावलच्या केळीबागांत घड वाहणारा मजूर असो वा धुळे तालुक्यातील शेतकरी, पिंडऱ्यांचा थकवा व स्नायूंची अशक्तता ही तक्रार खानदेशातील प्रत्येक वैद्याच्या परिचयाची आहे. अशांपैकी काही रुग्ण आता एम.आर.आय.चा अहवाल हाती घेऊन येतात. त्याच तंत्राची एक सूक्ष्म शाखा जिवंत स्नायूतील द्रव्यांचे विसरण, म्हणजे रेणूंचे आपोआप पसरणे, मोजते. तिचे स्वरूप व मर्यादा वैद्यांनी तसेच औषधविक्रेत्यांनीही जाणून घ्याव्यात, या हेतूने हे विवेचन करीत आहोत.

एम.आर.आय.मध्ये मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनचा संकेत टिपला जातो. वर्णपटमापनात मात्र निरनिराळ्या द्रव्यांचे संकेत वेगळे ओळखता येतात. 1951 मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी मद्यार्काच्या एकाच रेणूतील हायड्रोजनचे तीन पृथक् संकेत दाखविले. यांपैकी धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

विसरण मोजण्याची रीत 1965 मध्ये स्टेजस्कल व टॅनर यांनी मांडली. चुंबकीय क्षेत्रात क्रमशः चढउतार निर्माण करणारे दोन समान स्पंद थोड्या अंतराने दिले जातात. जागीच राहिलेल्या रेणूंवरील पहिल्या स्पंदाचा परिणाम दुसरा स्पंद पुसून टाकतो. जे रेणू सरकले, त्यांचा संकेत क्षीण होतो. किती क्षीण झाला, त्यावरून विसरणाचा वेग काढतात.

स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट हे ऊर्जेचे वाहक होय. त्याचा विसरणांक सेकंदास 0.0005 चौरस मिलिमीटर धरल्यास, 50 मिलिसेकंदांत एका दिशेने सरासरी सरक सुमारे 7 मायक्रोमीटर येते. स्नायुतंतूची जाडी साधारणतः 50 ते 100 मायक्रोमीटर असते. तंतूच्या लांबीच्या दिशेने विसरण सुलभ, तर आडव्या दिशेने ते अधिक अडखळते, असे आढळते. पेशींतील मेदबिंदू तर पाण्याच्या तुलनेत अत्यंत मंद हलतात. अशा रीतीने, सुई न टोचता, तंतूच्या अंतर्रचनेचा अंदाज बांधता येतो.

अडचणी मात्र मोठ्या आहेत. या द्रव्यांचे प्रमाण पाण्याच्या सुमारे सहस्रांश असल्याने संकेत दुर्बल असतो व मापनास वेळ लागतो. पाय किंचित हलला तरी मापन बिघडते. फॉस्फरसच्या मापनास वेगळी संवेदक वेटोळी लागतात. त्यामुळे ही पद्धत आजही संशोधनाचे साधन आहे, नित्याची रुग्णतपासणी नव्हे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. विसरण दिसले म्हणून स्रोतसे किंवा व्यानवायू यंत्राने सिद्ध झाले, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही; दोहोंच्या परिभाषा भिन्न आहेत. तसेच हे मापन शरीरातील स्वाभाविक द्रव्यांचे आहे, तेलाचे वा चूर्णाचे नाही. 'स्नायूच्या पेशीपर्यंत पोहोचते, एम.आर.आय.ने सिद्ध' असे वेष्टनावर छापावयाचे, तर त्या विशिष्ट औषधावर तसा अभ्यास झालेला असावा लागेल. औषधांविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींस 1954 च्या अधिनियमाने मनाई आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न रुग्णाच्या विश्वासाचा आहे. अशक्तता वाढत असेल वा लघवी गडद होत असेल, तर अशा वाक्यावर विसंबून रुग्णाचा वेळ दवडू नये. त्यास वेळीच पुढील तपासणीस पाठवावे, हेच आमचे सांगणे आहे.